फिरत्या खोलीतली दोरी

दिवाळी अंकवाल्यांनी मला सांगितलं, काका, तुम्ही जत्रेचे पाळणे बनवायचात, त्यातल्या गमतीजमती लिहा. मी म्हटलं, गमती पाळण्यात बसणाऱ्याला असतात. बनवणाऱ्याला फक्त नट दिसतात. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही गुरुजींनी ढकललं म्हणून. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघून घ्यावं, मजकुराला मात्र हात लावू नये.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फिरणाऱ्या वस्तूचं सगळं गणित मध्यात असतं. मध्य सापडला तर टनभर लोखंड एका हाताने फिरतं. मध्य हुकला तर तेच लोखंड स्वतःला फाडून काढतं. दोन्ही बाजूंना वजन सारखं पाहिजे आणि खाली बेअरिंग चांगलं पाहिजे. बाकी सगळी रंगरंगोटी. एकदा एक जत्रेवाला म्हणाला, "शेठ, पाळणा अजून जोरात फिरवा, बायका किंचाळल्या पाहिजेत." मी म्हटलं, "किंचाळतील, पण पुढच्या वर्षी तिकीट काढायला उरणार नाहीत." तो दुसरीकडे गेला. माझे पाळणे हळू फिरायचे, पण माझ्या पाळण्यातून कधी माणूस पडला नाही. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आमचं गाव सानपाड्याच्या अंगाला. भातशेती, थोडं मिठागर, पुढे खाडी. एकोणीसशे सत्तरच्या पुढे सरकारने नवं शहर करायला जमीन घेतली. मी त्याआधीच तुर्भ्याला पत्र्याची शेड टाकून वेल्डिंगला बसलो होतो, म्हणून मला झळ कमी लागली. माझी धाकटी बहीण हिरा, तिचा नवरा महादू, त्यांना पूर्ण लागली. महादू होडीवाला. थोडी शेती होती ती गेली, खाडीत भराव पडला तशी मासळीही गेली. जमिनीच्या बदल्यात घरटी एकाला नोकरी देऊ असं बोलले होते. महादू रोज सकाळी अंघोळ करून, भांग पाडून त्या ऑफिसच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचा. दुपारी परत यायचा. मी एकदा विचारलं, "काय झाला?" तर म्हणाला, "पंखा चांगला हाय त्यांचा."

त्या दिवसांत घैसास साहेब माझ्या शेडवर आले. मुंबईतल्या एका संस्थेत इंजिनियर. बारीक अंगाचा माणूस, चष्म्याला दोरा बांधलेला. आल्या आल्या त्यांनी माझी बादली घेतली, नळाखाली अर्धी भरली आणि खांद्यातून गरागरा फिरवली. पाण्याचा थेंब सांडला नाही.

"दामोदर, पाणी का सांडलं नाही?"

"जोरात फिरतंय म्हणून."

"बस, एवढंच करायचंय. फक्त बादलीत माणसं बसवायची."

मला वाटलं गिऱ्हाईक वेडं आहे. पण वेड्या गिऱ्हाइकाचं काम मन लावून ऐकायचं असतं, कारण शहाणे फक्त भाव करतात.

त्यांनी मला सांगितलं ते असं. वर अवकाशात वजनच नसतं. ऐकायला मजा वाटते, पण माणूस तिथे महिनोन्‌महिने राहिला तर अंथरुणाला खिळलेल्या रोग्यासारखा होतो. पाय काड्या होतात, हाडं ठिसूळ होतात. लांबच्या ग्रहावर जायचं तर जाऊन येऊन वर्षं लागणार. पोचेल तेव्हा उभं राहता येणार नाही. यावर उपाय म्हणजे जहाजच फिरवायचं. बादलीतलं पाणी तळाला दाबून बसतं तशी माणसं जमिनीला टेकून राहतील. मग कोणी म्हणतं जहाज मोठ्या चाकासारखं करा आणि माणसांनी धावेवर राहावं. साहेबांची स्वतःची कल्पना वेगळी होती. लांबच लांब दोर, एका टोकाला खोली, दुसऱ्या टोकाला इंधन जळून संपलेलं इंजिन, आणि दोघं एकमेकांभोवती फिरत जाताहेत. मी म्हटलं, म्हणजे गोफण. भातावरची पाखरं हाकायला आम्ही लहानपणी फिरवायचो तशी. साहेब एवढे खूश झाले की पुढे आपल्या लोकांतही ते गोफणच म्हणायला लागले.

पण अडचण होती. दोर लांब असला की सावकाश फिरवून भागतं. लांब दोर म्हणजे वजन, धोका, सगळंच जास्त. आखूड केला की जोरात फिरवावं लागतं, आणि जोरात फिरलं की माणसाचं डोकं फिरतं. आपल्या कानाच्या आत नळ्यांमध्ये पाणी असतं. फिरत्या खोलीत मान वळवली की ते पाणी भलतंच सांगतं आणि पोट ढवळतं. तर माणूस किती फिरणं सोसू शकतो आणि सवय झाल्यावर नीट जेवून-खाऊन राहू शकतो का, हे आधी जमिनीवर बघायचं होतं. म्हणजे एका माणसाच्या पोटावर अख्ख्या जहाजाचं माप ठरणार होतं.

मी ती फिरती खोली बनवली. बेअरिंग मुंबईच्या दारूखान्यातून, जिथे जुन्या बोटी तोडतात तिथून आणलं, भंगारात काढलेल्या बोटीच्या क्रेनचं. वीज आत न्यायला मध्याला तांब्याच्या कड्या आणि त्यांवर घासणारे कार्बन ब्रश. खोलीत खाट, मोरी, स्टोव्ह, एक खिडकी, सामान द्यायला-घ्यायला दोन झाकणांची पेटी. कोपऱ्यात हिरव्या पाण्याच्या काचेच्या नळ्या होत्या. वर म्हणे शेवाळच हवा साफ करणार आणि मुताचंच पाणी गाळून पुन्हा प्यायचं. खरं सांगायचं तर आमचं शेवाळ पाहुण्यांना दाखवण्यापुरतं होतं, हवा पंख्याने आत जायची. पण खोली फिरायला लागली तेव्हा मी मध्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि तासभर बघत बसलो. सांडला नाही. वीज गेली तर हाताने फिरवायला बाहेर दांडा होता. एक माणूस चालत चालत आरामात फिरवू शकत होता, इतकं ते हलकं होतं.

मग माणसं आत बसवायला सुरुवात झाली. साहेब स्वतः पहिले बसले आणि चहा थंड व्हायच्या आत ओकले. एक कॉलेजचे प्राध्यापक आले, ते सूट घालून आत गेले आणि स्वतःच्या ब्रीफकेसमध्ये ओकले. ब्रीफकेस बंद करून, कुलूप लावून, आभार मानून गेले. नंतर मिश्या वळवलेला एक गृहस्थ आला. म्हणाला, "मी जहाजावर नोकरी केलीय, मला हे पाळणे दाखवू नका." त्याला दोघांनी धरून रिक्षात बसवलं.

साहेब कपाळाला हात लावून बसले. तेव्हा मी म्हटलं, आमच्या महादूला बघा. वादळात होडीत बसून भाकर खाणारा माणूस आहे. महादू आला, आत बसला, पहिल्यांदा जरा पांढरा पडला. मग एक लिंबू मागून घेतलं आणि समोरच्या भिंतीकडे फेकलं. फिरत्या खोलीत फेकलेली वस्तू सरळ जात नाही, वाकडी जाते. लिंबू कोपऱ्यात गेलं. महादू हसायला लागला. हिरासारखा तोही मला दादूसच म्हणायचा. "दादूस, यो लिंबू दारू पिलंय."

दुसऱ्या दिवशी सरळ चालला. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ठरवलं, पुरा आठवडा न थांबता. शेवटच्या दिवशी वरचे लोक बघायला येणार होते. त्यांना पटलं तर मोठं काम मंजूर होणार होतं. साहेब महादूला म्हणाले, "हे झालं तर तुला संस्थेत कायमचं घ्या म्हणून मी शब्द टाकीन. मिळेलच असं सांगत नाही, पण टाकीन." महादूने त्यातलं फक्त 'कायमचं' ऐकलं.

साहेबांनी आत एक दोरी बसवून घेतली होती. ओढली की बाहेर घंटा वाजायची. त्यांनी महादूला समोर बसवून सांगितलं, "बरं वाटेनासं झालं की ओढायची. आम्ही लगेच थांबवू. थांबवणं म्हणजे नापास होणं नाही. कधी ओढलीस, तेच मला पाहिजे. कळलं?"

"कलला सायेब."

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "सायेब चांगला हाय, पन त्याला कलत नाय. थांबायला कोन बसतो?"

आता इथे आमच्या गावची गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडे दरवर्षी हरिनामाचा सप्ताह असायचा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाने खांद्यावरून काढली की दुसऱ्याने घ्यायची. पाहऱ्याच्या वेळा घरोघरी वाटलेल्या असायच्या. ताप असो, घरात मयत असो, खंड पडू द्यायचा नाही. शेवटी काल्याचं कीर्तन, दहीपोह्यांचा काला तोंडात पडला की सप्ताह पुरा. त्या वर्षी देवळापुढचं पटांगण नव्या रस्त्यात गेलं. मांडव घालायला जागा राहिली नाही आणि गावाच्या आठवणीत पहिल्यांदा सप्ताह चुकला. सप्ताह चालवणारे म्हातारे बुवा तोंड लपवून घरात बसायचे.

महादू आत जाणार त्या सकाळी बुवा काठी टेकत तुर्भ्याला आले. त्यांनी खोलीला नमस्कार केला आणि म्हणाले, "सात दिवस ना? न थांबता ना? मग यो आमचा सप्ताच हाय." झालं. गावातले लोक पाहरे लावून घेऊ लागले, मीही एक घेतला. वीज तेव्हा रोज जायची. वीज गेली की ज्याचा पाहरा तो दांडा धरून खोलीभोवती चालायचा आणि चालता चालता भजन म्हणायचा. साहेबांना कोण आनंद. मला म्हणाले, "दामोदर, पैसे देऊनही अशी माणसं मिळत नाहीत." त्यांना वाटलं गावाला विज्ञानाची आवड लागली.

रोज पेटीतून महादूच्या लघवीचा डबा बाहेर यायचा. साहेबांचा एक मदतनीस तो वजन करायचा. आत किती पाणी गेलं, बाहेर किती आलं, त्यावरून माणूस बरा आहे की नाही ते कळतं. वजन दररोज बरोबर यायचं. रंग फिकट यायचा. फिकट म्हणजे पाणी भरपूर पितोय, असं सगळ्यांनी धरलं.

हिरा रोज दुपारी येऊन खिडकीसमोर उभी राहायची. खोली फिरून खिडकी तिच्यापुढे आली की महादू हात करायचा. ती हात करेपर्यंत खिडकी पुढे गेलेली असायची. पाचव्या दिवशी ती माझ्याकडे आली.

"दादूस, त्याचे डोले खोल गेलेत. थांबव."

"अगं, साहेब सगळं मोजतायत. पाणी बरोबर आहे."

"पान्याचा नको सांगू मना. हात कसा करतो बघ. दुसऱ्याचा हात उचलल्यासारखा."

मी साहेबांना सांगितलं. साहेब खिडकीशी गेले, खोलीबरोबर चालत चालत काचेतून ओरडले, "महादू, ठीक ना?" महादूने हसून मान हलवली. मान हलवली, हे साहेबांना फार मोठं वाटलं, कारण फिरत्या खोलीत मान हलवणं हीच तर परीक्षा. दोरी तशीच लोंबत होती. साहेब म्हणाले, "त्रास असता तर ओढली असती ना."

सातव्या दिवशी पाहुणे आले. मी ब्रेक हळूहळू लावला, मध्यावरचा पेला हलणार नाही इतका हळू. दार उघडलं. महादू बाहेर आला, चौकट धरून जरा थांबला, आणि खाली खडूने मारलेल्या रेघेवरून सरळ चालत गेला. पाहुण्यांतल्या मोठ्या माणसाने टाळ्या वाजवल्या. साहेबांनी महादूला मिठी मारली. पाहुण्यांच्या गाड्या धूळ उडवत गेल्या तेव्हा गाव काल्याची हंडी घेऊन शेडमध्ये शिरलं. बुवांनी पहिला काला महादूला द्यायला हात पुढे केला. महादूने ओंजळ केली आणि तसाच खाली बसत गेला, पोतं रिकामं होतं तसा. काला जमिनीवर पडला.

टेम्पोत घालून त्याला पुलावरून मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, हा माणूस आतून सुकलाय, मूत्रपिंडं बंद पडलीत. साहेब त्यांच्याशी भांडायला लागले, शक्यच नाही, आम्ही पाणी रोज मोजलंय. डॉक्टर म्हणाले, तुम्ही काय मोजलंत मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी महादू बोलला. पहिल्या दिवसानंतर पोटात पाणी ठरतच नव्हतं. ओकायचा ते मोरीजवळ शौचाला ठेवलेल्या भुशाच्या डब्यात, तो कोणी मोजत नव्हतं. लघवी कमी झाली तेव्हा त्याने प्यायचं पाणी लघवीच्या डब्यात ओतायला सुरुवात केली, वजन भरावं म्हणून. साहेबांनीच त्याला सगळं समजावून सांगितलं होतं, वजन कमी आलं तर थांबवतील म्हणून. तो हे चोरी केल्यासारखं सांगत नव्हता. अडल्या वेळी युक्ती सुचली, असं सांगत होता.

साहेब वॉर्डाबाहेर जिन्यावर जाऊन बसले. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "मला वरच्या लोकांना जाऊन सांगावं लागेल."

"काय सांगणार?"

"की हे खोटं आहे. त्याला सवय झालीच नव्हती."

मी म्हटलं, "साहेब, तो सात दिवस राहिला. रेघेवरून चालला. लोकांनी बघितलंय. आता सांगितलंत तर नोकरीही जाईल. हिराला काय राहील?"

"दामोदर, याच्या पोटावरून आम्ही दोर आखूड काढणार. उद्या वर सहा माणसं बसतील आणि अशीच सुकतील. तिथून पूल ओलांडून इस्पितळात नेता येत नाही."

"वर अजून आपलं कोणी गेलेलं नाही, साहेब. हा इथे पडलाय."

साहेब उठले, चष्मा पुसला आणि गेले. त्यांनी जाऊन सांगितलं. काम बंद झालं. महादूच्या नोकरीचा कोणी विषय काढला नाही, काढणार कोण. साहेबांना आधी एका टेबलावर नुसतं बसवून ठेवलं म्हणतात, मग त्यांनीच नोकरी सोडली. मी त्यांच्याशी पुढे बोललो नाही. आजही माझं म्हणणं तेच आहे. त्या माणसाने स्वतःला वाळवून सात दिवस कमावले होते, ते त्याच्यापासून काढून घ्यायचा कोणाला अधिकार नव्हता. साहेबांचं म्हणणंही मला पाठ आहे. ते चुकीचं आहे असं मला कधी दाखवता आलं नाही. म्हणूनच बोललो नाही.

महादूचं रक्त मशीनवर धुतलं, पण मूत्रपिंडं पुन्हा सुरू झाली नाहीत. शेवटी शेवटी पाणी चमच्याने मोजून द्यायचे. हिराने घरून काल्याचा डबा आणला, तो नर्सने उघडू दिला नाही. महादू गेला तेव्हा डबा तसाच खाटेखाली होता. बुवांनी तो खाडीत सोडला. म्हणाले, सप्ता पुरा झाला असं मी सांगू शकत नाय.

महादूच्या दिवसकार्याला साहेब आले होते. पडवीत कोपऱ्यात बसून होते. लोक त्यांना बघून उठून जात होते आणि मीही पाठ करून उभा होतो. हिराने आम्हा दोघांना आत बोलावलं. म्हणाली, "तू बोलतोस तेही खरा हाय. यो सायेब बोलतो तेही खरा हाय. मग तो मेला कसा?" मग तिने चहा दिला. पुढे वीस वर्षं तिने वाशीला बिल्डिंगमध्ये भांडी घासली, तिच्याच भाताच्या जमिनीपासून हाकेच्या अंतरावर. हा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही.

खोली भंगारात गेली. बेअरिंग मी काढून घेतलं, त्याचा पाळणा केला नाही. गंजू दिलं. लोकांना वाटतं लोखंडात काही खोट निघाली असेल. नव्हती. मध्य बरोबर होता, ब्रश बरोबर होते. पेला सात दिवसांत एकदाही सांडला नाही.

इस्पितळात शेवटच्या दिवशी महादूजवळ मी एकटाच होतो. मी त्याला विचारलं, "गाढवा, एकदा ओढायची होतीस. एकदा."

तो म्हणाला, "तिसऱ्या दिवशी हात घातलेला दोरीला. वीज गेलेली. भायेर तुजा पाहरा व्हता. भजन बोलत व्हतास, सूर चांगला लागलेला. मी बोललो, दादूस चालतंय तवर आपून कसा थांबायचा."

मग पाणी मागितलं. त्या वेळचा चमचा देऊन झालेला होता.